गंगाजलची नवी खोली

"तिले शहर दाखव ना बाप्पा! एवढ्या लांबून आली, तर खेड्यात काहून नेऊन राहिली? तिथं काय आहे पाहाले? चिखल अन् म्हशी."

मी मागच्या अंगणात नळापाशी दात घासत होते. बोलणारे माझे मेहुणे, यज्ञेश्वरराव, स्वयंपाकघरात होते. म्हणजे खिडकीच्या जाळीपलीकडे, माझ्या कानापासून दीड हातावर. आवाज खाली घेतला की तो कुणालाच ऐकू जात नाही अशी काही पुरुषांची समजूत असते. माझी धाकटी बहीण कुसुम शेगडीपाशी होती. तिनं फोडणीत कढीपत्ता टाकला, त्या चरचराटात पुढची दोन वाक्यं गेली, आणि मग एवढंच ऐकू आलं, "जा तुम्ही दोघी. मले नको ओढू. माझं पोट ठीक नाही."

जानेवारी महिना. चिखल कुठून येणार? पण तोंडात फेस होता, म्हणून विचारता आलं नाही. शिवाय रायपुरात मला तो चौथा दिवस होता, आणि चौथ्या दिवशी पाहुणी जड व्हायला लागते हे मी माझ्या घरी कितीदा तरी अनुभवलंय. कुरकूर माझ्यावरूनच आहे असं धरून मी चूळ भरली आणि आत जाऊन निमूट पोहे-जिलबी खाल्ली. इथं सकाळी पोह्यांबरोबर जिलबी खातात. पहिल्या दिवशी मी हसले होते. चौथ्या दिवशी जिलबी यायला उशीर झाला तर दाराकडे बघत होते.

कुसुमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत मी एकदाही तिच्या घरी आले नव्हते. इस्लामपूरहून रायपूर म्हणजे दोन गाड्या आणि दीड दिवस. आधी माझ्या सासूबाई, मग पोरं, मग आमची पिठाची गिरणी. गिरणीला सुट्टी नसते, कारण लोक रोज जेवतात. यंदा माझ्या मुलानं तिकीटच काढून आणलं आणि म्हणाला, "आई, आठ दिवस तू नसलीस म्हणून इस्लामपूर उपाशी राहायचं नाही." मला जरा वाईटच वाटलं. पण आले.

येताना गाडीच्या खिडकीतून आधी धुरांडी दिसली. लोखंडाचे कारखाने, लालसर धूळ, आणि रुळांच्या कडेनं सायकलींवरून पाळी संपवून परतणारी माणसं, सगळी एकाच रंगाची. हे कसलं गाव बहिणीच्या नशिबी आलं, असं वाटलं. मग स्टेशन आलं आणि डब्यातल्या शेजारणीनं मला अभिमानानं सांगितलं, "राजधानी है अब!" राज्य होऊन तीनच वर्षं झाली होती. कचेऱ्यांवरच्या पाट्यांना नवा रंग दिला होता, पण उन्हात बघितलं की नव्या नावाखालून जुन्या राज्याची अक्षरं दिसत. मला ते फार आवडलं. लग्न होऊन आलेल्या मुलीचं माहेरचं नाव वहीच्या पहिल्या पानावर राहून जातं, तसं.

त्या चार दिवसांत मी तोंड उघडं टाकून फिरत होते म्हटलं तरी चालेल. आमच्याकडे गावाला एक तळं असलं की त्याचं कौतुक. इथं पाऱ्या-पाऱ्याला तळं. पारा म्हणजे आपली आळी. कुठल्याही गल्लीत वळा, शेवटी पाणी चमकतं, पायऱ्या असतात आणि कुणीतरी बाई अंघोळ करून ओल्या लुगड्यानं सूर्याला हात जोडत असते. मोटारी मागून हॉर्न वाजवत जातात, तिला त्याचं काही नाही. गोलबाजारात मी तांदळाच्या दुकानापुढं पाऊण तास उभी राहिले. माझं आयुष्य धान्यात गेलंय, ज्वारी मुठीत धरली तर मी तिचं गाव सांगेन. पण इथं दुकानदारानं एकामागून एक ओंजळी माझ्या तळव्यावर ओतल्या, दुबराज, जवाफूल, विष्णुभोग, आणि म्हणाला, "सूंघो दीदी, सूंघो." मी वास घेतला. शिजलेला नाही, कच्चा तांदूळ, आणि त्याला मोहरलेल्या आंब्याखाली उभं राहिल्यासारखा वास! बावन्न वर्षं मी जे खात आले ते काय होतं, असा मला प्रश्न पडला.

आणि इथली मराठी माणसं. यज्ञेश्वररावांचं मूळ घराणं तात्यापाऱ्यातलं, भोसल्यांच्या फौजेबरोबर आलेलं. त्यांच्या एक चुलतमावशी मला विचारत्या झाल्या, "तुम्ही महाराष्ट्रातून आल्या का? तिकडं अजून मराठी बोलतेत ना सगळे?" जणू त्यांनी दोनशे वर्षं भाषा सांभाळली आणि आता मूळ ठेव जागेवर आहे का बघत होत्या. माझी सख्खी बहीण 'मले-तुले' करायला लागलीय. तिची मुलगी ईरा, बावीस वर्षांची, कॉलेजात शिकते. तिला मराठी सगळं कळतं आणि ती उत्तर हिंदीत देते. "मावशी, आप बोलते रहो, मुझे अच्छा लगता है." मी बोलत राहते. तसाही माझा तो गुण आहे.

पण सगळ्यात मोठं आश्चर्य मी तिसऱ्या दिवशी पाहिलं होतं, आणि तेही चौबे कॉलनीतल्या त्यांच्या घरात, पलंगावर.

यज्ञेश्वरराव सरकारी कचेरीत नकाशे काढतात. नवं राज्य, त्यामुळे कचेऱ्या मिळेल तिथं बसलेल्या. मंत्रालयच मुळी एका जुन्या दवाखान्याच्या इमारतीत आहे. यांच्या खोलीत अकरा टेबलं, आणि त्यांतलं एकही यांचा नकाशा पसरायला पुरत नाही. म्हणून साहेबांनीच सांगितलं होतं, घरी बसून पुरा करा. त्या संध्याकाळी त्यांनी कपाटावरची लांब नळकांडी काढली, चादर झटकली आणि नकाशा पसरला. चार कोपऱ्यांवर आमटीच्या चार वाट्या.

"ही पाहा सरलाताई. नवी राजधानी."

मला वाटलं होतं, मी राजधानीतच बसले आहे. ते हसले. ही नव्हे म्हणाले, नवी अजून व्हायची आहे, इथून पंधरा-वीस किलोमीटरवर, मोकळ्या रानात. मी वाकले. काय सांगू! एवढ्या सरळ रेघा मी जन्मात पाहिल्या नव्हत्या. रस्ते शंभर मीटर रुंद. एका कडेनं हाक मारली तर दुसऱ्या कडेला पोचायची नाही. एक मोठा तलाव, झाडांचे पट्टे, चौकोनांना नंबर, इथं मंत्रालय, इथं विद्यापीठ, इथं खेळाचं मैदान. जिथं आज एक माणूस राहत नाही त्या गल्लीला नंबर होता. मेहुणे बोटानं दाखवत होते, पण कागदाला बोट लावत नव्हते, वर अधांतरी फिरवत होते. हा माणूस घरात एरवी चार वाक्यं बोलतो. त्या दिवशी डोळे चकाकत होते. मला एकदम त्यांचा आदर वाटला. देवळात मूर्ती घडवणाऱ्याला कुणी तरी पाहत असेल, तसं मी त्यांच्याकडे पाहिलं.

मग मी विचारलं, "आणि हे पुसट पुसट काय आहे? ह्या रस्त्याखाली? हे बारके चौकोन?"

"ते जुनं आहे," ते म्हणाले. "आधीचं." आणि वाट्या उचलायला लागले. कुसुमनं दारातून "जेवायले चला" म्हटलं. अजून कुकरची शिट्टीही झाली नव्हती.

तर चौथा दिवस. त्या सकाळच्या कुरकुरीनंतर अकराच्या सुमाराला फाटकाशी कुणी तरी खणखणीत आवाजात म्हणालं, "सीताराम गंगाजल!"

आतून कुसुम हातातली पळी टाकून धावली. "सीताराम गंगाजल!"

फाटकात एक बुटकी, काटक बाई उभी होती. हिरवं लुगडं, मनगटात चांदीची कडी, डोक्यावर टोपली. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, टोपली ईरानं वरच्या वर धरली आणि त्या बाईच्या पायाला हात लावला. माझी बहीण, जिनं आईच्या तेराव्यालासुद्धा माणसांसमोर डोळ्यांतून पाणी काढलं नव्हतं, ती पदरानं त्या बाईच्या कपाळावरचा घाम पुसत होती.

"यांचं नाव गंगाजल?" मी ईराला हळूच विचारलं.

ईरा हसायला लागली. "नाव नहीं मावशी. दोनों गंगाजल हैं."

मग मला सांगितलं ते असं. इथं दोन माणसांना मैत्री पक्की करायची असेल तर ती देवासमोर करतात. बायका गंगेचं पाणी एकमेकींना देतात, नारळ फोडतात, आणि त्या दिवसापासून त्या एकमेकींच्या गंगाजल. रक्ताच्या नात्यापेक्षा वर. एकीच्या घरी सुतक आलं तर दुसरी पाळते. आणि एकमेकींचं नाव जन्मात पुन्हा घ्यायचं नाही. नवऱ्यांचीही मैत्री आपोआप, ते एकमेकांचे मितान.

ईरा झाली तेव्हा कुसुमला सरकारी दवाखान्यात नेलं होतं. बाळंतपणानंतर तापानं फणफणलेली, इथली बोली अजून नीट येत नाही, सासूबाई घरी देवपूजेत. शेजारच्या खाटेवर ही. हिलाही त्याच पहाटे मुलगा झालेला, तुळशीराम. चार दिवस हिनं दोन्ही पोरांना आपल्या अंगावर पाजलं, विचारलंसुद्धा नाही. घरी सोडायच्या दिवशी कुसुमच्या सासूबाई आल्या, सगळं ऐकलं, परत घरी गेल्या आणि देवघरातली सीलबंद गंगेची तांब्याची लोटी घेऊन आल्या. तिथंच, दोन खाटांच्या मधल्या जागेत, दोघींना उभं करून विधी केला. त्याच इमारतीत आता मंत्रालय बसतं. कुठल्या तरी सचिवांचं टेबल जिथं असेल तिथं माझ्या बहिणीला दुसरी बहीण मिळाली होती, आणि मला हे बावीस वर्षांनी कळत होतं. पत्रांत ती लिहायची, 'गंगाजल येऊन गेली.' मला वाटायचं, काशीहून कुणी तीर्थ आणून देतं.

निरोप आधीच येऊन गेला होता, आता गंगाजल स्वतः बोलवायला आली होती. तुळशीरामचं लग्न अक्षय्य तृतीयेला ठरलं होतं. घरात सून येणार, म्हणून घराला जोडून नवी खोली बांधायची. बिरस्पतला, म्हणजे गुरुवारी, पाया खणायचा. गोठा पाडून जागा केली होती, थंडीभर सगळ्यांनी मिळून कवेलू, म्हणजे कौलं, थापून भाजली होती, चार हजार. "मितान ल आये बर परही," ती ठासून म्हणाली. मितानला यावंच लागेल. तो गोठा बांधला तेव्हा कोपऱ्यांची दोरी मितानानंच धरली होती, खोलीचीही तोच धरणार. त्याच्या हातचा कोपरा काटकोनात येतो.

यज्ञेश्वरराव आतल्या खोलीतून आले. "माझं पोट..." असं काहीसं हिंदीत म्हणाले.

"पेट पिराथे?" तिनं लुगड्याच्या गाठीतून ओवा काढला, तळहातावर चोळला आणि सरळ त्यांच्या तोंडापुढं धरला. सरकारी माणूस मुकाट्यानं ओवा चावायला लागला. ती समोर उभी राहून गिळेपर्यंत बघत होती. "बने?" बरं वाटलं?

"हव," मेहुणे म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

ती गेल्यावर तिनं आणलेला तांदूळ निवडायला आम्ही दोघी बहिणी ओसरीवर बसलो. त्यात एकही खडा नव्हता. तरी कुसुम निवडत होती.

"काय झालंय गं?" मी विचारलं.

तिनं आणखी एक मूठ तांदूळ पुढं ओढला. मग बोलली ती तांदळाकडे बघूनच.

यज्ञेश्वररावांना चष्मा लागल्यापासून घरात एक पद्धत पडली होती. याद्यांच्या पक्क्या प्रती ते घरी लिहीत. कुसुम कच्च्या कागदावरून वाचून दाखवी आणि ते आपल्या वळणदार अक्षरात उतरवत. नवऱ्याची निवृत्ती तीन वर्षांवर आली, आपलाही हातभार, म्हणून तिला त्याचा अभिमान होता. महिन्याभरापूर्वी अशीच एक यादी आली. नव्या राजधानीसाठी ज्या जमिनी जाणार त्यांची. जमिनीचा नंबर, मालकाचं नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव. कुसुम वाचत गेली. एका पानावर मध्यावर थांबली.

"काहून थांबली, म्हणाले. मी बोट ठेवलं, ताई."

जमीन गंगाजलच्या नावावर होती. ती बापाची एकुलती एक. तिचा नवरा दयाराम घरजावई होऊन आलेला. आणि कुसुमला ते नाव वाचता येईना. तोंडातून काढायचंच नाही ते नाव, बावीस वर्षं काढलं नव्हतं.

"मग?"

"मग काय. त्यांनी वाकून पाहिलं. लिहिलं. मी पुढचं वाचलं."

"बोलले काहीच नाहीत?"

"चहा ठेवू का, म्हटलं मी. हव म्हणाले."

त्या दिवसापासून नवरा-बायकोंनी आपसातही तो विषय काढला नव्हता. नोटीस निघायला अजून तीन-चार महिने होते, आणि तोवर कुठली गावं जाणार याचा बाहेर ब्र काढायचा नाही अशी कचेरीत सक्त ताकीद. आधी फुटलं तर दलाल रानावर तुटून पडतात. ज्याच्या तोंडून फुटलं त्याची नोकरी गेलीच. मेहुण्यांनी तीस वर्षांत कचेरीची पेन्सिलसुद्धा घरच्या कामाला वापरली नव्हती. ईरा शाळेत असताना रडली तरी दिली नव्हती. आणि तिकडे दयारामचा भाऊ महानदीपलीकडच्या आपल्या गावात घराला जागा देतो म्हणून दोनदा येऊन गेला होता. गंगाजलनंच नाही म्हणून सांगितलं. बापाची जागा सोडून कुठं जायचं? परवा एकदा पाया खणला, भिंती उठल्या, की भाऊही ती जागा दुसऱ्याला देणार.

"तूच सांग ना तिला," मी म्हटलं.

"अन् यांची नोकरी? माझ्या तोंडून गेलं काय, यांच्या तोंडून गेलं काय." ती थांबली. "पण नाही सांगितलं तर मी तिची कोण मग, ताई?"

 मीही तांदूळ निवडायला लागले.

गुरुवारी आम्ही चौघं निघालो. मेहुण्यांनी पोटाचं कारण परत काढलं नाही. त्यांना पुन्हा ओव्याची भीती वाटली असावी. बसनं पाऊण तास, मग बांधावरून दोन किलोमीटर पायी. भात कापून झालेला, सगळीकडे सोनेरी खुंटं. मेहुणे सगळ्यांत पुढं, मान खाली. एके ठिकाणी ते थांबले आणि उगाच इकडं-तिकडं पाहिलं. मला वाटतं, ते शंभर मीटरच्या रस्त्याच्या मधोमध उभे होते. मला तो रस्ता दिसायला लागला, खरंच. आणि त्याच जागी एक टिटवी आपल्या पिलांना हाकत चालली होती, तीही दिसत होती. मी दोन्ही एकदम पाहत होते. सहलीला म्हणून आलेल्या बाईनं एवढं सगळं बघायचं नसतं.

गावाच्या तोंडाशी तळं. काठावर मोठा पिंपळ आणि पाण्यात त्याचा दुसरा पिंपळ. गंगाजलच्या दारात पाऊल टाकायच्या आधी तिनं आम्हाला भरलेला लोटा हातात दिला, मग काशाच्या परातीत एकेकाचे पाय धुतले. माझेही. मी संकोचून पाय मागं घेतला, तर म्हणाली, "झन." 'झन' म्हणजे 'नको', एवढं मला तोवर कळायला लागलं होतं. माझ्या टाचा गिरणीतल्या. भेगाळ, पीठ कधीच पूर्ण न निघालेल्या. त्या टाचा तिनं आपल्या पदरानं पुसल्या.

आणि घर! मातीचं घर मी पाहिलं नव्हतं असं नाही. पण ह्या भिंती हातानं लिंपून इतक्या गुळगुळीत केल्या होत्या की कडा कुठं नव्हतीच, सगळं वळत जात होतं, कोनाडे, ओटा, चुलीची पाठ, सगळं एका हातानं एकदाच ओघळल्यासारखं. पांढऱ्या मातीचा हात, खाली काळसर पट्टा. दाराच्या चौकटीवर तांदळाच्या पिठाची बोटं उमटवलेली. ओसरीवर माझ्या उंचीची मातीची कोठी, भातानं भरलेली. तिच्यावर कान ठेवला तर आत गार वाटलं. मी घरभर हात लावत फिरले. हे कुठल्याही कागदावर आधी काढलेलं नव्हतं. गंगाजलच्या आजीनं अर्धं केलं होतं, आईनं पुढं नेलं होतं, आणि दरवर्षी दिवाळीआधी ती स्वतः त्यावर एक नवा थर चढवत होती. नकाशापुढं मी वाकले होते, इथं मला नुसतं गप्प उभं राहावंसं वाटलं.

मागच्या अंगणात सगळी तयारी. पाडलेल्या गोठ्याची सारवलेली जागा, एका बाजूला कवेलूंची रास, लाल, एकसारखी. तुळशीराम कुदळ घेऊन उभा. उंच, लाजाळू, नुकत्या मिशा राखलेला. ईरा त्याला चिडवत होती, "भैया, भाभी को इस कोने में बिठाओगे कि उस कोने में?" तो कानापर्यंत लाल. कुसुमच्या हातात नारळ आणि तांब्या. घरातल्या मानाच्या बाईनं धरायचा, म्हणून गंगाजलनं तिच्याच हातात दिलेला. तांबा कलून पाणी तिच्या पायावर सांडत होतं, तिचं लक्ष नव्हतं.

दयारामनं सुतळीचं गुंडाळं आणि चार खुंट्या मेहुण्यांपुढं धरल्या. "ले मितान. सरकार के नक्शा बनाथस, अब मोर घर के कोन्हा सीधा कर दे."

सगळे हसले. मेहुणेही हसले. त्यांनी चपला काढून बाजूला जोडीनं ठेवल्या, पँट दोन घड्या वर घेतली आणि उकिडवे बसले. पहिली खुंटी जुन्या घराच्या भिंतीशी ठोकली. सुतळी बांधली. तीन हात मोजून गाठ मारली. मग आडव्या अंगाला वळून चार हात मोजले, दुसरी गाठ. आता दोन्ही गाठींमधलं तिरपं अंतर पाच हात आलं की कोपरा बिनचूक. मग दुसरी खुंटी ठोकायची. त्यांनी तिरपी सुतळी ताणली. बरोबर पाच हात. केसभर इकडे नाही, तिकडे नाही. दयारामनं खुंटी त्या जागी धरली आणि दगड उचलून मेहुण्यांच्या हातात दिला.

मेहुण्यांनी दगड घेतला. मारला नाही.

"मुहूर्त पाहिला का?" त्यांनी हिंदीत विचारलं.

"बैगा सकाळीच सांगून गेला," अशा अर्थाचं दयाराम काही म्हणाला. बैगा म्हणजे गावचा पुजारी. "ठोक."

"माती... माती इथं जरा भुसभुशीत दिसते."

दयारामला त्याची मोठीच गंमत वाटली. त्याच्या सासऱ्याचं घर त्याच मातीवर पन्नास वर्षं उभं होतं. तो भिंतीवर थाप मारून हसला, आणि तुळशीराम कुदळ खांद्यावरून खाली घेऊन पुढं आला. कुसुमनं "अहो" म्हटलं. एवढंच. सव्वीस वर्षांच्या संसारात त्या एका शब्दात ती काय काय सांगते ते तिलाच ठाऊक. भाजी आणा, गप्प बसा, मला भीती वाटते. आत्ता ती काय म्हणत होती ते मला कळलं नाही. ती 'सांगा' म्हणत होती की 'नका सांगू', हे मी अजूनही तिला विचारलेलं नाही.

गंगाजलनं मात्र आळीपाळीनं दोघांकडे पाहिलं. कुसुमच्या हातातल्या तांब्याकडे पाहिलं. पुढं होऊन तिनं तांब्याखाली आपला हात धरला आणि अगदी हळू विचारलं, "का होगे, गंगाजल?" काय झालं?

मेहुण्यांनी दगड खाली ठेवला. मग दयारामच्या मुठीतून खुंटी सोडवून घेतली, दोन्ही गाठी सोडल्या आणि सुतळी पुन्हा गुंडाळायला लागले, सावकाश, एकावर एक नीट वेढे देत. अंगणात सगळे बघत उभे होते. शेवटचा वेढा झाला. गुंडाळं त्यांनी मांडीवर ठेवलं आणि मान वर करून दयारामकडे पाहिलं. त्यांना हिंदी सुचेना, छत्तीसगढी सुचेना. बोलले ते मराठीतच, आणि बावीस वर्षांच्या येण्याजाण्यात दयारामला मराठी पुरेसं कळायला लागलेलं होतं.

"मितान, खणू नका. हे गाव राजधानीत गेलं. हे घर, तळं, सगळं. नोटीस निघायची आहे अजून, पण रेघ मारून झाली. माझ्याच हातची आहे."